अण्णांच्या कंबरेचा पट्टा

आमच्या थिएटरात पिक्चर दाखवायची दोन मशिनं होती आणि त्या दोघींना फक्त कानडी कळायचं, असं अण्णांचं म्हणणं. मराठीत सांगितलं तर ऐकत नाहीत. हिंदीत सांगितलं तर मुद्दाम उलटं करतात. उजवीकडची अक्का, म्हणजे थोरली बहीण. डावीकडची तंगी, म्हणजे धाकटी. एकीवरचं रीळ संपत आलं की दुसरी चालू करायची, आणि तोवर पहिलीवर नवं रीळ चढवायचं, असा त्या दोघींचा दिवसभराचा संसार. अक्का शहाणी होती. तंगी फुरंगटायची. ती फुरंगटली की वरच्या केबिनमधून "निधान, निधान!" असा आवाज यायचा. निधान म्हणजे सावकाश. बाल्कनीत बसलेल्या नव्या माणसाला तो आवाज पिक्चरमधलाच वाटायचा.

अण्णा आमचे ऑपरेटर. अक्कलकोटच्या बाजूचे, घरात कानडी, बाहेर मराठी, रागावले की दोन्ही. मी खाली बायकांच्या खिडकीत तिकिटं द्यायची. सत्तरच्या पुढची ती वर्षं. मिलचे भोंगे व्हायचे आणि भोंग्यांच्या बेतानं आमचे खेळ लागायचे. बायकांच्या रांगेला पुरुष तिकीटवाला नको म्हणून मालकांनी मला ठेवून घेतलं होतं. माझ्या खिडकीसमोर विडी वळणाऱ्या बायका यायच्या, आपसांत तेलुगूत भांडायच्या आणि माझ्याशी मराठीत. त्यांना तोंड देऊन देऊन माझ्या जिभेला चांगली धार आली होती. ती धार मी अण्णांवर तपासून बघायची. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, पण रागवायचे नाहीत. "बाई, तुमच्या जिभेला एक पट्टा बसवला पायजे," एवढंच म्हणायचे.

इतकी वर्षं पिक्चर दाखवूनही अण्णांनी एकही पिक्चर पाहिला नव्हता. म्हणजे पडदा त्यांना दिसायचा, पण त्यांची नजर कायम मशीनच्या पोटात. शुक्रवारी नवा पिक्चर लागला की मी विचारायची, "कसा आहे हो?" तर उत्तर यायचं, "बरा हाय. दुसऱ्या रिळात जोड लई हायत." रडका आहे की मारामारीचा, हे त्यांना सांगता यायचं नाही. एकदा एका बाईनं माझ्या खिडकीतून त्यांना गाठलं आणि विचारलं, शेवटी ती दोघं भेटतात की नाही, कारण नाही भेटली तर ती तिकीटच काढणार नव्हती. अण्णांनी खूप विचार केला. "शेवटी रीळ संपतं," म्हणाले. बाई चिडून परत गेली.

केबिनमध्ये जायचं तर चपला बाहेर काढायच्या. मालकसुद्धा काढायचे. आत कोपऱ्यात पाण्याचं मडकं, भिंतीला उदबत्तीचं घर, आणि मधोमध या दोघी बहिणी. गावाकडून कुणी आलं तर अण्णा त्याला आधी केबिन दाखवायचे, मग चहा. मालकांना हे सगळं चालायचं, कारण आमच्याकडे फिल्म तुटत नसे. गावातल्या बाकीच्या थिएटरांत पिक्चर तुटला की लोक शिट्ट्या मारून छप्पर उडवायचे. आमच्याकडे लोकांना शिट्ट्या मारायची सवयच राहिली नव्हती. तेवढा मान अण्णांचा होता, आणि तो आपला आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं.

फिल्म का तुटते, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की आजही झोपेतून उठवून विचारलं तर सांगेन. वरच्या रिळातून फिल्म सुटते, दिव्यापुढून जाते आणि खालच्या रिळावर गुंडाळली जाते. ते खालचं रीळ फिरतं एका गोल चामडी पट्ट्यावर. शिलाई मशीनला असते तशी वादी, पण जाड. पट्टा ढिला झाला की रीळ फिरत नाही आणि फिल्म जमिनीवर लोळते. घट्ट झाला की रीळ फिल्मला ओढतं, कडेची भोकं फाटतात आणि फिल्म तुटते. "एक बोट," अण्णा म्हणायचे. "पट्ट्याखाली एक बोट गेलं पायजे. बोटभर जागा ठिवली तर मशीन बी सुखी, फिल्म बी सुखी." आणि मग दर वेळी एक वाक्य ठरलेलं: "मानूस खोटं बोलतंय बाई, मशीन खोटं बोलत न्हाय."

इथवर सगळं ठीक होतं. त्यांच्या पट्ट्याचा पुढचा प्रकार मात्र ऐकून कुणाचा विश्वास बसत नसे.

मिलच्या फाटकासमोर एक चामडेवाला बसायचा. अण्णा त्याच्याकडून लांब वादी आणायचे, तिला तेल पाजायचे आणि मग ती मशीनवर न चढवता स्वतःच्या कंबरेला बांधायचे. शर्टाच्या आत, करगोट्याच्या वर. आठवडाभर ती वादी तिथं. जेवताना, झोपताना, मशीन चालवताना. नवं चामडं अडाणी असतं, त्याला आधी माणसाच्या अंगाची ऊब लागते, असं त्यांचं शास्त्र. आठवडा झाला की जेवणानंतर थोड्या वेळानं, पोट धड भरलेलं नाही आणि धड रिकामंही नाही अशा मुहूर्तावर, ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, वादी बेंबीवरून घ्यायचे, अर्धा श्वास सोडायचे आणि दोन टोकं जिथं भेटतील तिथं ब्लेडनं कापायचे. तारेची कडी घातली की पट्टा तयार. मशीनवर चढवला की खाली बरोबर एक बोट जायचं.

देवाची करणी म्हणा, अण्णांची कंबर आणि मशीनच्या दोन चाकांभोवतीचा वेढा एकाच मापाचा होता. त्यांना त्यात काही नवल वाटत नसे. त्यांच्या मते ज्याची कंबर बसत नाही त्यानं ऑपरेटर होऊच नये. "ही कंबर कंपनीचं माप हाय," असं म्हणून ते पोटावर थाप मारायचे. ते पोट चहा आणि शेंगापोळीवर पोसलेलं होतं. मी एकदा म्हटलं, "अण्णा, पण मशीनवरच वादी धरून का नाही मापत?" तर माझ्याकडे कीव केल्यासारखं बघून म्हणाले, "नवरदेवाला घोड्यावर बसवून अंगरख्याचं माप घेतात व्हय?"

मालकांनी एकदा मुंबईहून स्प्रिंगचे पट्टे मागवले. कंपनीचे, चकचकीत. अण्णांनी ते हातात धरून ताणून पाहिले आणि नाक मुरडलं. "लोखंडाला काय कळतंय, ढील कुटं द्यावी आन धरावं कुटं?" पुढच्या आठवड्यात मी हळदीकुंकवाला त्यांच्या घरी गेले, तर त्यातला एक स्प्रिंगचा पट्टा खिडकीला लावलेला आणि त्यावर फुलाफुलांचा पडदा. पडदा छान सरकत होता.

चामडी पट्टा तुटेपर्यंत वापरायचा नाही, ही त्यांची आणखी एक रीत. दिवाळी आली की चांगला चालता पट्टा उतरवायचा आणि नवा घालायचा. "हातपाय चालत असताना पेन्शन मिळाली पायजे. मोडल्यावर दिली तर त्ये मयतीचं सामान." आणि पेन्शनीत गेलेला पट्टा फेकायचा नाही, त्याला हलकं काम लावून द्यायचं. आमच्या डोअरकीपरची सायकलचं कॅरिअर एका पट्ट्यानं आवळलेलं होतं. मालकांच्या छत्रीला एक होता. चहावाल्याच्या किटलीचं झाकण एकानं धरून ठेवलं होतं. माझ्या घरी पत्र्याची पेटी होती, तिची कडी मोडलेली. अण्णांनी पट्टा दिला तो पेटीभोवती बसवून टाकला. देताना बजावलं, "कापू नका हां. दमलेला न्हाय त्यो, नुस्ता घरी बसलाय."

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण एका दिवाळीनंतर हसायचं कमी झालं.

दुष्काळ नुकताच सरला होता. अण्णांनी रीतीप्रमाणे नवे पट्टे चढवले आणि आठवड्याभरात तंगीवर फिल्म तुटली. आमच्या थिएटरात फिल्म तुटली! लोक इतके चकित झाले की शिट्टी मारायलाही विसरले. अण्णा खाली आले, मला म्हणाले, "चामडं आखडलं. दुष्काळातल्या जनावराचं हाय, त्यात जीव कुटला?" मला ते पटलं. पुन्हा वादी आणली, पुन्हा कंबरेला बांधली, पुन्हा कापली. तो पट्टा पहिल्यापेक्षा घट्ट. मग चामडेवाल्याशी भांडण झालं. तो बिचारा म्हणत होता की वादी तीच आहे, गिऱ्हाईक तेच आहे, मग माप कसं बदलेल? अण्णांनी त्याला कानडीत उत्तर दिलं. मग खुद्द तंगीवर आळ आला, ती मुद्दाम आडमुठेपणा करते म्हणून. पण थोड्या दिवसांनी शहाणी अक्काही तोडायला लागली, तेव्हा अण्णांना दोष द्यायला कुणी उरलं नाही.

आता बायका माझ्या खिडकीशी येऊन आधी विचारायच्या, "आज तुटणार का हो?" जसं काही मीच वर जाऊन तोडत होते. एक तेलुगू म्हातारी तर म्हणाली, "तुटलेलं अर्धं दाखवता, मग तिकीट बी अर्धं द्या की." पिक्चरच्या पेट्या पाठवणाऱ्यांकडूनही ओरड आली की तुमच्याकडून फिल्म फाटून येते. मालक भले माणूस, त्यांनी बरेच दिवस कळ काढली. शेवटी एका बुधवारी केबिनमध्ये गेले, चपला काढून, आणि म्हणाले, "अण्णा, ह्या शुक्रवारी मोठा पिक्चर लागतोय. तो तुटला तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका." अण्णा म्हणाले, "बरं." मी जिन्यात उभी होते. इतक्या लहान आवाजात ते कधी बोलत नसत.

त्यांच्याकडे बघून मला आणखी काही दिसायला हवं होतं, पण रोज दिसणारा माणूस कुठे दिसतो आपल्याला? मडकं रोज दोनदा भरावं लागत होतं. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या धुरानं घसा कोरडा पडतो, म्हणायचे. चालू रीळ सोडून खाली न उतरणारा माणूस घाईघाईनं जिना उतरून मुतारीकडे जायचा आणि तितक्याच घाईनं धापा टाकत वर चढायचा. आम्ही त्याचीही चेष्टाच केली. डोअरकीपर म्हणाला, अण्णांचाच पट्टा ढिला झाला. हसलो सगळे.

गुरुवारी दुपारी अण्णांच्या बायको माझ्या खिडकीशी आल्या. त्यांना आम्ही काकू म्हणायचो. काकूंनी आयुष्यात आमच्या थिएटरात पाय ठेवला नव्हता. "त्येंनी दिवसभर त्येच करायचं आन मी पैसे देऊन त्येच बघायचं व्हय?" असं त्यांचं मत. हातात पिशवी होती. खिडकीच्या गजातून आत सरकवत म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडं शिलाई मशीन हाय की. ह्येंच्या विजारी तेवढ्या आत घालून द्या. दिवाळीधरनं दोनदा मी हातानं घातल्या, परत सुटायल्यात. कंबर धरून धरून मानूस दमतंय."

"अण्णांच्या विजारी?" मी म्हटलं. "सैल होतात?"

"लई. आन जेवतात तर बकासुरावानी. कुटं जातंय कळत न्हाय." त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "दवाखान्यात चला म्हटलं तर म्हनत्यात, मला काय झालंय, चामड्याला झालंय."

संध्याकाळी घरी जाऊन मी विजार मशीनवर घेतली. काकूंच्या हाताच्या टिपा दिसत होत्या, एक ओळ, तिच्या आत दुसरी ओळ. मी विजार पलंगावर पसरली आणि किती आत घ्यायची ते बघायला कंबर चिमटीत धरली. समोरच पत्र्याची पेटी होती आणि पेटीभोवती अण्णांचा पेन्शनीतला पट्टा. का कोण जाणे, मी उठले, पट्टा पेटीवरून सोडवला आणि विजारीच्या कंबरेवर गोल ठेवला. मूळची शिवण आणि पट्टा बरोबर एकावर एक बसले. काकूंची पहिली टीप बरीच आत होती. दुसरी त्याच्याही आत. चामडं आखडलं नव्हतं. अण्णा आखडले होते. गडी दर महिन्याला थोडा थोडा झिजत होता, त्या झिजलेल्या कंबरेवर पट्टे कापत होता आणि पट्टे खरं बोलत होते. आम्ही सगळे मिळून दुष्काळातल्या जनावराला शिव्या देत बसलो होतो.

शुक्रवारी मॅटिनीच्या आधी मी केबिनमध्ये गेले. चपला काढल्या. अण्णा स्टुलावर बसून नव्या पट्ट्याला तेल लावत होते. शर्टाच्या कॉलरमधून गळ्याची हाडं वर आलेली. मी पट्टा पुढे केला. "अण्णा, हा घाला बघू कंबरेला."

"ह्यो तुमच्या पेटीचा न्हाय व्हय? कशाला काढला?"

"घाला तर."

बाईमाणसानं असं सांगितल्यावर ते बावचळले. भिंतीकडे वळले, शर्टावरूनच, पायातून वर ओढून पट्टा कंबरेशी आणला आणि हात सोडला. पट्टा घसरून थेट घोट्यांशी पडला. अण्णा म्हणाले, "च्यायला, पट्टा वाढला की!"

मला हसू आलं आणि रडूही आलं. म्हटलं, "पट्टा वाढत नसतो, अण्णा."

"वाढतो तर! जुनी वादी हाय. ताणली आसंल."

"बरं. ताणली असेल तर मशीनवर ढिली बसेल. बसवा तंगीवर. तुम्हीच म्हणता ना, मशीन खोटं बोलत नाही?"

आता त्यांना पळवाट नव्हती. त्यांनी वाकून पट्टा उचलला, धोतराला पुसतात तसा विजारीला पुसला आणि तंगीच्या चाकांवर चढवला. पट्ट्याखाली बोट घातलं. एकच बोट गेलं, दुसरं गेलं नाही. त्यांनी सरकारी बातम्यांचं रीळ लावलं आणि मशीन चालू केलं. "निधान," म्हणाले, सवयीनं. पण तंगीला सांगायची गरजच नव्हती. कित्येक महिन्यांत ती अशी चालली नसेल. खटखट नाही, ओढाताण नाही, फिल्म पाण्यासारखी खाली येत होती आणि खालचं रीळ शांतपणे तिला गुंडाळून घेत होतं. एरवी असं मशीन चाललं असतं तर अण्णांनी उदबत्ती लावली असती. आज त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता. ते आधी पट्ट्याकडे बघत होते, मग स्वतःच्या पोटाकडे, मग पुन्हा पट्ट्याकडे. रीळ संपलं, तरी त्यांनी मशीन बंद केलं नाही. फिल्मचं सुटलेलं टोक फटफट आपटत राहिलं.

"मग बाई," ते म्हणाले, "मी कुटं गेलो?"

मी जाऊन मशीन बंद केलं. बंद करायची खिट्टी मला त्यांनीच कधीतरी दाखवली होती.

त्या दिवशी त्यांनी मालकांच्या छत्रीचा पट्टा सोडवून अक्काला घातला आणि पेटीवाला तंगीला. मोठा पिक्चर शेवटपर्यंत न तुटता चालला. मालक खूष होऊन वर गेले, तर अण्णा म्हणाले, "मालक, पिक्चर दुरुस्त झाला. आता माझं बघा." मालकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाडीतून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. लघवीत साखर निघाली, भरपूर. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं. काकू हे ऐकून रडल्या आणि मग त्यांना इतक्या बोलल्या की शेजारच्या खाटेवरचा रोगी उठून बसला.

अण्णा बरेच दिवस दवाखान्यात आणि नंतर घरी होते. मी शेंगाची चटणी घेऊन गेले की आधी अक्का-तंगीची चौकशी. त्यांच्या जागी कुर्डुवाडीचा एक ऑपरेटर आला होता. तो मशीनशी कुठल्याच भाषेत बोलत नसे आणि चपला घालून केबिनमध्ये जायचा. त्यानं मालकांना सांगून पुन्हा स्प्रिंगचे पट्टे मागवले. खरं सांगायचं तर ते पट्टे उत्तम चालले, एकदाही फिल्म तुटली नाही. हे मी अण्णांना सांगितलं नाही. "तंगी रुसली आहे," असं सांगायची. मग त्यांना बरं वाटायचं आणि ज्वारीची भाकरी जरा जास्त जायची. रोज सुई टोचून घ्यायला ते सुरुवातीला तयार नव्हते. काकूंनी त्यांना पटवलं की हे तेलपाणी आहे, मशीनला देतात तसं. तेव्हापासून ते स्वतःच वेळेवर दंड पुढे करायचे.

परत आले तेव्हा पहिलं काम केलं ते स्प्रिंगचे पट्टे काढून फेकायचं. फेकले नाहीत म्हणा, शेजाऱ्यांच्या खिडक्यांना दिले. मग नवी वादी आणली. मला वाटलं, आता तरी हा माणूस मशीनवर माप घेईल, नाहीतर जुना पट्टा समोर ठेवून त्यावरून कापेल. छे! त्यांनी घरून सोलापुरी पंचा आणला, त्याच्या घड्या घालून कंबरेला गुंडाळला, त्यावर पेटीवाला पट्टा घालून बघितला, तो नीट बसेपर्यंत घड्या कमीजास्त केल्या आणि मग त्या पंच्यावरून नवी वादी कापली. म्हणजे आधी पट्ट्यावरून कंबर मापली आणि मग कंबरेवरून पट्टा. मी म्हटलं, "अण्णा, हा द्राविडी प्राणायाम कशाला?" तर म्हणाले, "माप कंबरंचंच पायजे. थोडी कंबर उसनी घेतलीया, एवढंच."

दर दिवाळीला आणि अधूनमधून उगीचच ते पट्टा कापायचे. पंचा काकू घडी घालून द्यायच्या, डबा द्यावा तसा. पहिल्यांदा घड्या जाड होत्या. मग एक कमी झाली. काकू बाजारात भेटल्या की तब्येतीबद्दल विचारायची गरज नसे, त्या बोटांनीच पंच्याची जाडी दाखवायच्या. शेंगापोळी सुटली होती, पण अंगावर थोडं मांस धरत होतं. डॉक्टरांचा काटा वेगळं काही सांगायचा तर अण्णा त्या काट्यावर विश्वास ठेवत नसत.

मग एका शुक्रवारी, मॅटिनीची रांग लागली होती, आणि काकू धावत माझ्या खिडकीशी आल्या. घामाघूम. हातात पंचा. "बाई, ह्ये विसरून आलेत. आज वादी कापायचीया. वर पोचवा की." मी खिडकी डोअरकीपरच्या हवाली केली आणि जिना चढले.

अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते. वादी शर्टावरून घेतलेली, मधे पंचा नाही, काही नाही, आणि दोन टोकं बेंबीवर एकमेकांना टेकलेली. ब्लेड बाजूलाच पडलेलं. कापायचं झालं होतं. माझ्या हातातला पंचा पाहून हसले. "विसरलो न्हाय बाई, ठिवून आलो."

"काकू खाली उभ्या आहेत. पळत आल्यात बिचाऱ्या."

त्यांनी दोन्ही टोकांना तारेची कडी घातली. मग म्हणाले, "तिला वर बोलवा."

काकू जिना चढल्या. दाराशी कुणी न सांगता चपला काढल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याचं कामाचं ठिकाण त्या बघत होत्या. अण्णांनी "ही अक्का, ही तंगी" अशी ओळख करून दिली. काकूंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या सरळ नवऱ्याशी गेल्या. कंबरेभोवती कडी घातलेला पट्टा होता. त्याच्या आत काकूंनी आपलं बोट सारलं. खाली बायकांची कुजबुज चालली होती, खेळाला उशीर होत होता.

"अजून बोट जातंय की," काकू म्हणाल्या.

"जाऊ दे," अण्णा म्हणाले. "येवढी जागा ठिवावी लागतीया. न्हायतर तुटतंय."